मेकॅनिकलचं पहिलं वर्ष आणि सी प्रोग्रॅमिंग: वाचलं की कळतं, लिहायला बसलं की डोकं बंद

मेकॅनिकलचा_मी

नमस्कार मंडळी. मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, घरी कॉम्प्युटर नव्हता. आता मामेभावाचा जुना लॅपटॉप मिळालाय, बॅटरी गेलेली, चार्जर लावून ठेवावा लागतो, पण चालतोय.

अडचण अशी. प्रॅक्टिकलला सर फळ्यावर प्रोग्रॅम लिहितात, आम्ही बघून टाइप करतो, आउटपुट आलं की जर्नलमध्ये उतरवायचं आणि सही घ्यायची. आर्मस्ट्राँग नंबर झाला, पॅलिंड्रोम झाला, फिबोनाची झाला, चांदण्यांचा त्रिकोण तर तीन प्रकारांनी झाला. लिहिलेला प्रोग्रॅम समोर असेल तर ओळन् ओळ कळते. कोरी स्क्रीन समोर आली की पहिली ओळ कुठून काढायची तेच सुचत नाही.

परवा सर म्हणाले, आज फळ्यावर काही नाही, फॅरेनहाइटचं सेल्सिअस करून दाखवा. मला वाटलं हे तर सातवीतलं. सूत्र टाकलं: सी = (५/९) * (एफ - ३२). दोन्ही व्हेरिएबल फ्लोट (दशांश आकडे चालणारे) घेतले होते. ९८.६ दिलं, उत्तर शून्य. २१२ दिलं, शून्य. एरर एकही नाही. शेजारच्याचं बरोबर आलं, त्याला विचारलं तर म्हणतो, 'माझं चाललं बाबा, हात नको लावू.'

वर्गातले अर्धे जण म्हणतात सी सोड, पायथन शीक. उरलेले सगळं चॅटजीपीटीला विचारून मोकळे होतात आणि त्यांचं जर्नल माझ्याआधी पूर्ण आहे. आणि खरं सांगायचं तर मला अजून हेही कळलेलं नाही की मेकॅनिकलवाल्याला हे कशासाठी. कुणी जरा नीट सांगेल का? ओरल पुढच्या महिन्यात आहे.

---

आयटीतला_हमाल

भावा, सी परीक्षेपुरतं पाठ कर आणि पायथन घे. सहा ओळींचं काम एका ओळीत. बाकी एआय आहेच, आम्हीपण हल्ली बरंचसं त्याच्याकडूनच लिहून घेतो. ओरलला पॉइंटर (मेमरीतला पत्ता ठेवणारा व्हेरिएबल) विचारतातच, तेवढं बघून जा. ऑल द बेस्ट.

---

व्हॉल्व्ह_बंद

हमालसाहेब, पायथनशी माझं काही वाकडं नाही, रोज वापरते. पण त्याचा प्रश्न भाषेचा दिसत नाही.

आधी ते शून्य निकालात काढू. सी मध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उत्तरही पूर्णांकच येतं, दशांश चिन्हापुढचं सगळं टाकून दिलं जातं. ५ पूर्णांक, ९ पूर्णांक, म्हणून ५/९ म्हणजे शून्य. कंस आधी सुटतो, मग त्या शून्याला कशानेही गुण, एफ फ्लोट असो नाहीतर आणखी काही, शून्यच. तुझ्या शेजाऱ्याने बहुतेक (एफ - ३२) * ५ / ९ असं लिहिलं असणार. तिथे डावीकडून हिशोब सुरू होतो, एफ फ्लोट असल्यामुळे पहिला गुणाकार फ्लोट होतो आणि पुढचा भागाकारही. कागदावर दोघांचं सूत्र एकच आहे. तुला ५.० / ९ एवढं केलं तरी पुरे. पायथन ३ मध्ये ५/९ ला ०.५५५ येतं, पण जुन्या पायथन २ मध्ये हेच शून्य यायचं, तेव्हा भाषा बदलून सुटशील असं समजू नकोस.

आता यातली मला आवडलेली गोष्ट. २१२ ला १०० यायला हवं हे तुला आधीपासून ठाऊक होतं, म्हणून शून्य बघून तू अडलास. आर्मस्ट्राँगच्या प्रोग्रॅममध्ये असा अडला होतास का? ३७० हा आर्मस्ट्राँग आहे असं स्क्रीनने सांगितलं काय आणि नाही सांगितलं काय, कुणाचं काय अडतं! उत्तराशी घेणंदेणं नसलं की ते चुकलेलं कळत नाही, आणि चुकलेलं कळत नसेल तर लिहायला बसल्यावर सुरुवात कुठून करायची तेही कळत नाही. जर्नलमधले ते प्रोग्रॅम वाईट नाहीत, पण पहिल्या वर्षाच्या सायन्स-इंजिनिअरिंगच्या मुलाला तेवढेच देणं मला पटत नाही. तुमच्याकडे बारावीचं अख्खं फिजिक्स पडलंय की.

मी सिव्हिलची, पाणीपुरवठ्याच्या लाइनी डिझाइन करते. 'हे कशासाठी' याचं उत्तर आमच्या कामातलं देते. पाइपातून पाणी जाताना घर्षणाने दाब किती घटेल हे काढायला घर्षण गुणांक लागतो, आणि तो कोलब्रुकच्या समीकरणातून येतो. त्यात गंमत अशी की तो गुणांक बरोबर चिन्हाच्या दोन्ही बाजूंना आहे. सरळ सोडवताच येत नाही. मग करायचं काय, तर अंदाजाने एक आकडा घ्यायचा, समीकरणात घालायचा, जे बाहेर येईल ते परत घालायचं. रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह किती खळबळत जातो त्याचा आकडा) एक लाख आणि सापेक्ष खडबडीतपणा (पाइपाच्या व्यासाच्या मानाने) ०.००१ असेल, तर ०.०२ पासून निघालं की आधी ०.०२२२९ येतं, मग ०.०२२१७, मग ०.०२२१७ च्याच आसपास घुटमळतं. झालं, तेच उत्तर. मेकॅनिकलला हे तुला फ्लुइड मेकॅनिक्समध्ये भेटेलच. एका पाइपासाठी कॅल्क्युलेटर चालतो. तीनशे पाइपांचं जाळं असलं की लूप लिहायला लागतो.

ऑफिसात याच हिशोबाची एक्सेल शीट होती, ती नव्या मुलाने पायथनमध्ये नेली. एक्सेलमध्ये 'लॉग' म्हटलं की दहाच्या पायाचा लॉग मिळतो. पायथनमधला आणि सी मधलाही नुसता 'लॉग' म्हणजे नॅचरल लॉग, दहाचा हवा तर 'लॉग१०' म्हणावं लागतं. त्याने जसंच्या तसं उतरवलं. प्रोग्रॅम चालला, आकडे छान स्थिर झाले, वरच्या उदाहरणात ०.००४६ येईल तसे. एरर नाही, वॉर्निंग नाही. नशीब इतकंच की असल्या लाइनींना हा गुणांक साधारण ०.०१ ते ०.०५ मध्ये असतो हे आमच्यातल्या एकाच्या नजरेत बसलेलं होतं. नाहीतर घर्षण पाचव्या हिश्शाचं धरून पंप निवडला असता आणि शेवटच्या टाकीत पाणी चढलंच नसतं. हे कॉम्प्युटरवाल्याला दिसणारं नाही, ते त्या विषयाच्याच माणसाला दिसतं. तुला प्रोग्रॅमिंग कशाला, तर यासाठी.

बरं, आता कोऱ्या स्क्रीनचं. स्क्रीन बंद कर आणि वही घे. २ चं वर्गमूळ काढ, पण कॅल्क्युलेटरचं बटण न दाबता. अंदाज १ धर. २ ला अंदाजाने भाग, आलेला भागाकार आणि अंदाज यांची सरासरी घे, तो नवा अंदाज. वहीत आडवे रकाने पाड: अंदाज, २ भागिले अंदाज, सरासरी. पहिली ओळ १, २, १.५. दुसरी १.५, १.३३३३, १.४१६७. तिसरीला १.४१४२ येतं, पुढे चार दशांशांपर्यंत काही हलत नाही.

आता त्या वहीकडे बघून स्वतःला विचार. कोणता आकडा ओळीगणिक बदलतोय? अंदाज. तो तुझा व्हेरिएबल. कोणता बदलतच नाही? तो २. दर ओळीला हात तेच तेच काय करतोय? ते लूपच्या आत जाईल. आणि तू थांबलास कधी? जुन्या-नव्या अंदाजात फरक उरला नाही तेव्हा. ती 'व्हाइल'ची अट. प्रोग्रॅम वहीतच झाला, टाइप करायचा तेवढा बाकी आहे. पुढे मुद्दाम अंदाज 'इंट' (पूर्णांक) घेऊन बघ. १ अधिक २ बरोबर ३, भागिले २, पूर्णांकात १. परत १. जन्मभर १. तुझ्या शून्याचाच भाऊ.

किरकोळ बाबी. घरी जीसीसी (फुकट मिळणारा सी कंपायलर) टाक आणि कंपाइल करताना 'डॅश डब्ल्यू-ऑल' हा पर्याय देत जा. स्कॅनएफमध्ये (इनपुट वाचणाऱ्या फंक्शनमध्ये) अँडचं चिन्ह राहिलं तर तो आधीच सांगतो, नाहीतर प्रोग्रॅम चालता चालता आपटतो आणि तासभर कारण सापडत नाही. लिनक्सवर असशील आणि लॉग किंवा वर्गमूळ वापरलंस तर शेवटी 'डॅश एल-एम'ही लागेल. इंग्रजी व्हिडिओ डोक्यावरून जात असतील तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर सी चे धडे मराठीत आहेत, आवाज जरा सरकारी आहे पण एकेक गोष्ट थांबून दाखवतात.

चॅटजीपीटीला वहीतलं काम झाल्यावर विचार. 'प्रोग्रॅम लिहून दे' असं म्हणू नकोस. तुझा प्रोग्रॅम दे आणि 'अमुक इनपुटला अमुक यायला हवं होतं, का येत नाही' असं विचार. एवढं नेमकं विचारायला जमलं की निम्म्या वेळा उत्तर तुलाच सापडतं. शिवाय ओरलला चॅटजीपीटी तुझ्या बाजूला बसणार नाही.

---

प्रयोगशाळेतला_उंदीर

भौतिकशास्त्रात एमएस्सी, सध्या संशोधन. व्हॉल्व्हताईंशी सहमत, थोडी भर.

कोणती भाषा यावर वेळ घालवू नकोस. आमच्याकडे अजून फोरट्रान चालते. १९५७ मध्ये आयबीएमने बाजारात आणलेली भाषा आहे, आणि तू उद्या पायथनमध्ये नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी) वापरून समीकरणं सोडवशील तेव्हा आत जी लॅपॅक नावाची लायब्ररी राबते ती मुळात फोरट्रानमध्येच लिहिलेली आहे. व्हेरिएबल, अट, लूप, अ‍ॅरे, फंक्शन. एका भाषेत हे हाताला बसलं की दुसरीत फक्त लिखाण बदलतं.

पहिल्या वर्षाचा फिजिक्सचा जर्नल उघड. लंबकाचा प्रयोग केला असशील. लांबी आणि आवर्तकाळ असे सात-आठ आकडे असतील. आवर्तकाळाचा वर्ग आणि लांबी यांचा आलेख हाताने काढून चढ मोजला असेल. तेच आकडे अ‍ॅरेमध्ये घाल, चढ लूपने काढ, त्यावरून जी (गुरुत्व त्वरण) काढ. ९.८ च्या जवळ आला तर प्रोग्रॅम बरा. ०.०९८ आला तर लांबी सेंटिमीटर समजून पुन्हा शंभराने भागलीस. ३९ आला तर पायचा घोटाळा, (दोन पाय) या सगळ्याच्या वर्गाऐवजी (चार पाय) या सगळ्याचा वर्ग घेतलास असं काहीतरी. चुकलेलं उत्तर कुठे चुकलं हे आकड्यावरूनच ओळखायची ही सवय आम्हाला रोज लागते.

आणि एक खोड लक्षात ठेव, कारण यात पीएचडीवालेही फसतात. ० पासून ०.१, ०.१ वाढवत जायचं आणि 'एक होईपर्यंत चालव' असं 'बरोबर नाही' हे चिन्ह वापरून लिहायचं. तो लूप थांबतच नाही. ०.१ हा आकडा दोनाच्या पद्धतीत पुरता मावत नाही, जसा एक तृतीयांश दशांशात मावत नाही. डबल (फ्लोटचाच जास्त अचूक प्रकार) घेऊन दहा वेळा मिळवलं की ०.९९९९९९९९९९९९९९९९ होतो, १ होत नाही, आणि गाडी पुढे निघून जाते. म्हणून ताईंच्या वर्गमूळातही 'जुना आणि नवा समान होईपर्यंत' असं लिहू नकोस, 'फरक ०.०००००१ पेक्षा कमी होईपर्यंत' असं लिही.

---

मेकॅनिकलचा_मी

ताई, दादा, खूप आभार. वर्गमूळ जमलं. वहीतून थेट उतरवलं, कुणाचं न बघता! इंट घेऊन पण बघितलं, खरंच १ वर अडकून बसतं.

तर मग हुरूप आला आणि फॅक्टोरियल (१ पासून त्या आकड्यापर्यंत सगळ्यांचा गुणाकार) लिहिला. घरी लिहून पेनड्राइव्हवर नेला. घरी ८ चा फॅक्टोरियल ४०३२० येतो. लॅबमध्ये तोच प्रोग्रॅम, एक अक्षर बदललं नाही (म्हणजे स्क्रीन पुसणारं क्लिअर स्क्रीन आणि बटण दाबेपर्यंत थांबणारं गेटसीएच सरांना लागतं म्हणून घातलं तेवढंच), तर ७ ला ५०४० बरोबर आणि ८ ला उणे २५२१६. उणे कसं येईल? नुसते गुणाकार आहेत. लॅब असिस्टंट म्हणाले, सातपर्यंतच लिही जर्नलमध्ये.

---

व्हॉल्व्ह_बंद

लॅबमध्ये निळ्या खिडकीचं टर्बो सी आहे ना? मग त्याला दोष नाही, ते १९८७ सालचं आहे. त्यात इंटला १६ बिट मिळतात, म्हणजे उणे ३२७६८ ते ३२७६७. ४०३२० त्यात मावत नाही, मग तो पलीकडच्या टोकाने आत येतो. ४०३२० मधून ६५५३६ वजा कर, तुझा उणे २५२१६ मिळेल. तुझ्या घरच्या जीसीसीत इंट ३२ बिटचा आहे म्हणून तिथे निभावलं.

पण घरचाही जास्त लांब जात नाही. १२ पर्यंत बरोबर येईल, १३ चा करून बघ. स्क्रीनवर १,९३,२०,५३,५०४ येईल. हा उणे नाही, दिसायला अगदी सज्जन, म्हणून जास्त घातक. ओळखायचं कसं? १२ चा ४७,९०,०१,६०० आहे, त्याला १३ ने गुणल्यावर सहाशे कोटींच्या पुढे जायला हवं, हे तर दोनशे कोटींच्याही आत. दुसरं, १३ च्या फॅक्टोरियलमध्ये ५ आहे, १० आहे आणि सम संख्या ढीगभर आहेत, म्हणजे शेवटी दोन शून्यं आलीच पाहिजेत. इथे शेवटी ०४. खरा आकडा ६,२२,७०,२०,८०० आहे. 'लाँग लाँग' (६४ बिटचा पूर्णांक) घेतलंस की घरी २० पर्यंत जाशील. टर्बो सी मध्ये लाँग लाँग नाही, नुसता लाँग घे, १२ पर्यंत चालेल.

जर्नलमध्ये सातपर्यंत लिहूच नकोस. आठचा उणे आकडा लिही आणि खाली दोन ओळींत कारण लिही. एक्स्टर्नल (बाहेरचा परीक्षक) तिथेच थांबेल आणि पुढचे प्रश्न तुझ्या सोयीचे निघतील.

---

प्रयोगशाळेतला_उंदीर

या ३२७६७ ने रॉकेट पाडलंय. जून १९९६, एरियान ५ चं पहिलंच उड्डाण. आडव्या वेगाशी संबंधित एक आकडा ६४ बिटच्या फ्लोटमधून १६ बिटच्या पूर्णांकात टाकला जात होता. तो कोड एरियान ४ मधून उचललेला, तिथे आकडा कधी एवढा मोठा व्हायचाच नाही. एरियान ५ चा मार्ग वेगळा, वेग जास्त, आकडा मावला नाही. दिशा सांगणारी मुख्य आणि राखीव अशा दोन्ही यंत्रणांत तोच कोड होता म्हणून दोन्ही बंद पडल्या, आणि उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आतच सगळा खेळ आटोपला. ओरलला 'डेटा टाइप का महत्त्वाचा' विचारलं तर हे सांग.

---

आयटीतला_हमाल

पॉइंटरचं मात्र बघून जा रे. तो विचारतातच.

---

मेकॅनिकलचा_मी

बघतो दादा. शेवटचं एक. सर 'व्हॉइड मेन' लिहायला लावतात, जीसीसी त्याला वॉर्निंग देतं आणि 'कोनिओ डॉट एच' (क्लिअर स्क्रीन आणि गेटसीएचसाठी लागणारी फाइल) तर सापडतच नाही म्हणतं. ओरलला कोणतं बरोबर सांगू?

---

व्हॉल्व्ह_बंद

प्रमाण सी मध्ये 'इंट मेन' आणि शेवटी रिटर्न शून्य. कोनिओ सी चा भागच नाही, डॉसवरच्या कंपायलरांसोबत आलेली सोय आहे, म्हणून क्लिअर स्क्रीन आणि गेटसीएच तुझ्या घरी चालत नाहीत. लॅबमध्ये सर म्हणतील तसं लिही, सही त्यांची आहे. बाहेरच्या परीक्षकाने विचारलं तर 'इंट मेन' सांग आणि 'लॅबमधल्या कंपायलरला दोन्ही चालतं' एवढं जोड, म्हणजे सरही नाराज नाहीत.

पॉइंटरचं वहीतच कर. दोन चौकोन काढ, एकात ५ लिही आणि त्याच्या डोक्यावर पत्ता म्हणून १००० लिही, दुसऱ्या चौकोनात १००० लिही. स्कॅनएफला ते अँडचं चिन्ह का लागतं हे त्या चित्राकडे बघून तूच सांग, मग पुढचं बोलू.